विजेची सायकल : चार वर्षांचा हिशेब



आपले सोयगाव अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. खाली कपाशीची शेते, आणि वर जायचे म्हटले की वेताळवाडीचा घाट. अशा मुलखात साधी सायकल सपाटीवर सुखाची. चढाला लागली की जिवावर येते. म्हणून विजेची सायकल पाहिली की शिक्षक काय, शेतकरी काय, दोघांच्याही मनात येते, आपणही एक घ्यावी. जरूर घ्यावी. पण घेण्याआधी एक प्रश्न विचारावा : चौथ्या वर्षी हिचे काय होईल?

ही सायकल म्हणजे काय, ते आधी पाहू. सांगाडा नेहमीच्याच सायकलीचा. बहुतेक सायकलींत मागल्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो त्या जागी, एक लहान मोटर बसवलेली असते. दांडीला बॅटरी. आपण पायडल मारू लागलो की मोटर हातभार लावते. मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर कायदा हिला मोटारवाहन मानत नाही; लायसन्स नको, नंबरही नको. मात्र कोणी वेगाची मर्यादा काढून दिली, की ही सवलत गेली. तेव्हा त्या मोहात पडू नये.

आता हिशेबाला बसू. पाटी-पेन्सिल जवळ घ्या. समजा, तुमची शाळा घरापासून १० किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन २० झाले. पायांची साथ असली तर किलोमीटरला साधारण १० वॅट-तास वीज लागते. म्हणजे दिवसाला २०० वॅट-तास. भरताना थोडी वाया जाते, ती धरून पाव युनिट. युनिटचा दर १० रुपये धरला तरी रोजचा खर्च अडीच रुपये! हे ऐकून आपण खूश होतो, आणि दुकानदारही इथेच थांबतो. पण हिशेब अजून अर्धाच झाला आहे.

बॅटरी ही रॉकेलच्या डब्यासारखी नाही, की रिकामी झाली, पुन्हा भरली आणि डबा तसाच राहिला. प्रत्येक भरणीगणिक हा डबाच किंचित लहान होत जातो. आजच्या सायकलींत लिथियमची बॅटरी असते; ही जात १९९१ मध्ये बाजारात आली. ती पूर्ण भरून पूर्ण रिकामी होणे ही एक फेरी. अशा सुमारे ५०० ते १,००० फेऱ्यांनंतर तिची ताकद उणावते. ३६० वॅट-तासांची बॅटरी असेल, तर २०० वॅट-तास म्हणजे अर्ध्याहून थोडी अधिक फेरी. वर्षात शाळेचे २२० दिवस धरले, तर सव्वाशेच्या आत-बाहेर फेऱ्या होतात. म्हणजे ५०० फेऱ्या चार वर्षांत संपल्या.

नवी बॅटरी समजा १२,००० रुपयांना पडली. चार वर्षांचे दिवस ८८०. भागाकार करा, रोजचे साडेतेरा रुपयांहून थोडे अधिक येतात. वीज अडीच रुपयांची आणि बॅटरीची झीज साडेतेराची! तेव्हा या सायकलीचे खरे इंधन वीज नव्हे, बॅटरी आहे. तरीही सोळा रुपयांत दिवस भागतो. मोटारसायकलला त्याच वाटेवर ४०० मिलिलिटर पेट्रोल लागले आणि दर लिटरला १०० रुपये धरला, तरी ४० रुपये होतात. फायदा आहेच; पण तो दरमहा २५० रुपये बाजूला टाकणाऱ्याचा. ज्याने ते टाकले नाहीत, त्याची सायकल चौथ्या वर्षी गोठ्यात कडब्याला टेकून उभी राहते.

चार वर्षांत काय काय घडते, तेही ध्यानात असू द्या. पहिले वर्ष मजेचे. दुसऱ्या वर्षी ब्रेक आणि चेन लवकर झिजल्याचे दिसते. कारण हिचे वजन बहुधा वीस-पंचवीस किलो, आणि वेगही जास्त. मागल्या चाकाचे आरे सैल होतात, ते वेळेवर ताणून घ्यावेत. पंक्चर काढताना चाक ओढण्याआधी मोटरची तार सोडवावी, हे दुकानातल्या पोराला सांगावे. नाहीतर पंक्चर स्वस्त आणि तार महाग पडते. तिसऱ्या वर्षी पूर्वी ३५ किलोमीटर जाणारी सायकल तिशीच्या आत दम टाकू लागते. घाटात हे आधी कळते. सायकल आणि माणूस मिळून १०० किलो वजन ३०० मीटर उंच चढवायला, मोटरची तूट धरून, शंभराहून अधिक वॅट-तास लागतात. म्हणजे नव्या बॅटरीचाही जवळजवळ तिसरा हिस्सा.

मग बॅटरीचे आयुष्य वाढवायचे कसे? तिचा मोठा शत्रू ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली सायकल ठेवू नका. बॅटरी काढून घरात सावलीला ठेवा. उन्हातून आल्याबरोबर चार्जरला लावू नका, ती निवू द्या. मध्येच वीज गेली तर जीव टांगू नका. थोडी थोडी भरल्याने लिथियमच्या बॅटरीचे बिघडत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत ती निम्मी भरून ठेवावी. काठोकाठ नको, रिकामीही नको. चार्जर तिचाच वापरावा. रात्री सगळे निजल्यावर, अंथरुणापाशी किंवा दाराच्या वाटेत ती भरू नये; आग लागली तर पळायला वाट हवी. फुगलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा लावूच नये.

विकत घेताना तीन गोष्टी विचारा. हमी किती वर्षांची? हीच बॅटरी पुढे मिळेल काय, आणि कितीला? दुरुस्ती सोयगावात होईल, की सायकल टेम्पोत घालून न्यावी लागेल? उत्तरे लेखी घ्या. एकदा मोटर बंद ठेवून सायकल चालवूनही पाहा. वाटेत बॅटरी संपली तर घरी पायांनीच यायचे आहे. जुनी बॅटरी मात्र भंगारवाल्याला देऊ नका, उकिरड्यावरही टाकू नका. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे; दुकानदाराकडून तशी व्यवस्था करून घ्या.

शिक्षक मित्रांनो, हाच हिशेब वर्गात मुलांना घाला. फेऱ्या, दिवस, भागाकार, सगळे त्यात आहे. वस्तूची किंमत दुकानात एकदाच मोजून संपत नाही, हे त्यांना गणितातूनच कळेल. आणि घरी सायकल घ्यायची वेळ आली, की बापाच्या आधी पाटी तेच पुढे करतील.