खाओसपासून गॅसपर्यंत

एखादा शब्द पहिल्यांदा कोणी आणि कशावरून घडवला, हे बहुतेक वेळा अंदाजानेच सांगावे लागते. ‘गॅस’चे तसे नाही. ब्रुसेल्सचा वैद्य आणि रसायनज्ञ यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट याने तो घडवला आणि का घडवला तेही लिहून ठेवले.

ओकच्या लाकडाचा ६२ पौंड कोळसा जाळला, तर राख उरते जेमतेम १ पौंड, असा त्याचा हिशोब. बाकीचे ६१ पौंड गेले कुठे? भांड्यात कोंडता न येणाऱ्या या द्रव्याला तो ‘रानटी चैतन्य’ म्हणे. आंबणाऱ्या द्राक्षरसातून तेच निघते आणि नेपल्सजवळच्या ज्या गुहेत कुत्री गुदमरत तिथेही तेच असते, हे त्याने ओळखले. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. (जळताना हवेतला प्राणवायूही कोळशाला जोडला जात असल्याने ६१ या आकड्यावर आजचा रसायनज्ञ हरकत घेईल, पण प्रश्न अस्सल होता.) नाव देताना त्याला ग्रीकांचे ‘खाओस’, म्हणजे सृष्टीपूर्वीची निराकार पोकळी, आठवले. डचमध्ये ‘ग’ घशातून, ‘ख’कडे झुकत उच्चारतात, त्यामुळे कानाला हे अंतर फारसे नव्हतेच.

गंमत म्हणजे त्याचाच दुसरा प्रयोग. २०० पौंड मातीत लावलेले वाळुंजाचे रोप ५ वर्षांत १६९ पौंडांचे झाले, माती घटली फक्त २ औंस. झाड पाण्याचेच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. आपणच बारसे केलेला गॅस पानांतून झाडात शिरतो, हे बिचाऱ्याला कळले नाही.

१६४४मध्ये तो वारला. हे सारे असलेला त्याचा ग्रंथ मुलाने १६४८मध्ये छापला. ग्रहताऱ्यांच्या प्रभावासाठी त्याने ‘ब्लास’ हा जोडीचा शब्दही घडवला होता, तो कोणी उचलला नाही. ‘गॅस’ही बराच काळ अडगळीतच होता. ब्रिटनमध्ये ब्लॅक आणि प्रीस्टली हे रसायनज्ञ नाना प्रकारच्या ‘हवां’बद्दलच लिहीत राहिले. वायू ही पदार्थाची एक अवस्था आहे आणि हवा हे वायूंचे मिश्रण, हे फ्रेंच रसायनज्ञ लाव्हॉझिएने मांडले तेव्हा वेगळ्या शब्दाची खरी गरज पडली. १८०७मध्ये लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर कोळशाच्या गॅसचे दिवे लागले आणि प्रयोगशाळेतला शब्द रस्त्यावर आला. फ्रेंच, रशियन, पोलिश ‘गाझ’, जर्मन ‘गास’, फिनिश ‘कासू’ ही सगळी त्याच घरातली.

अपवाद ग्रीकांचा. विज्ञानात ते वायूला ‘आएरिओ’ म्हणतात. ‘गाझी’ त्यांच्याकडे आहे, पण तो पश्चिमेकडून उसना आलेला.