शेजारी एकच, भाडं मात्र वेगळं!

दोस्तांनो, नाशिक-पुणे एसटीत बसलात, तर सवलती सोडल्या की सगळ्यांचं भाडं सारखंच. ओझरच्या विमानतळावर मात्र गंमत वेगळी! तेच विमान, तीच रांग, पण शेजारच्या काकांनी तुमच्या बाबांच्या दुप्पट पैसे मोजलेले असू शकतात. मग काका फसले का? छे, तसंच काही नाही!

कारण आपल्या द्राक्षांवरून कळेल. न विकलेल्या द्राक्षांचे बेदाणे तरी होतात. विमान उडालं, की रिकाम्या सीटचं काहीच होत नाही. म्हणून कंपनी काही सीटा आधीच स्वस्तात विकते आणि काही ऐनवेळी येणाऱ्यांसाठी राखून ठेवते. एकाच इकॉनॉमी वर्गात असे कितीतरी भाव असतात. प्रत्येक भावाला एक इंग्रजी अक्षर. बहुतेक कंपन्यांत 'वाय' म्हणजे इकॉनॉमीचं पूर्ण भाडं.

पण मग सगळेच स्वस्त तिकीट का घेत नाहीत? कारण स्वस्ताला अटी चिकटलेल्या असतात. १९७७ साली अमेरिकन एअरलाइन्सने 'सुपर सेव्हर' भाडं काढलं. अट अशी, की तिकीट बरंच आधी काढायचं आणि परतण्याआधी ठरावीक दिवस मुक्काम करायचा. सहलीला जाणारे खूश! कामासाठी धावपळ करणाऱ्यांना मात्र ते जमेना.

आता गणित. सातपूरच्या एका कारखानदार काकूंना कामासाठी वर्षात दहा वेळा विमानाने जायचंय. समजा, स्वस्त तिकीट ४,००० रुपयांचं, पण तारीख बदलायला ३,००० दंड. दुसरं ५,५०० चं, त्याला दंड नाही. (नव्या तारखेचं भाडं जास्त असेल, तर तो फरक दोन्हीकडे भरावाच लागतो.) मीटिंग तीनदा पुढे गेली, तर स्वस्त तिकिटांचे ४९,००० होतात, महागांचे ५५,०००. पण सहादा गेली, तर? स्वस्त तिकिटंच ५८,००० ला पडतात! म्हणजे काकू जादा पैसे सीटसाठी नाही, तारीख बदलण्याच्या मोकळिकीसाठी देतात.

आणखी एक लक्षात ठेवा. 'पैसे परत नाहीत' असं तिकीट रद्द केलं, तरी आपल्या देशातल्या नियमानुसार त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. घरात कुणाचं तिकीट रद्द झालं, तर मागायला सांगा!

आता तुमची पाळी. काकूंची तारीख किती वेळा बदलली, तर दोन्ही तिकिटं सारखीच पडतील? करा बघू!

(उत्तर : ५ वेळा)