धुऱ्याचा वाद अन् पोराची नोकरी

मृगाचा पाऊस पडला की वाशीम, रिसोड, मालेगाव भागात पेरणीसोबत धुऱ्याचे वादही उगवतात. शेजाऱ्याने दोन तासं आत घातली, धुरा कोरला, वावराची वाट अडवली. शब्दाने शब्द वाढतो अन् काठ्या निघतात. भांडण बापाचे असते, पण धावून जातो कॉलेजात शिकणारा पोरगा. मग रिपोर्टात त्याचेही नाव पडते.

केस चालू असतानाच भरती निघते. पोलीस असो की सैन्य, निवड झाली तरी चारित्र्य पडताळणी होतेच. गुन्हा दाखल आहे का, शिक्षा झाली का, हे साक्षांकन नमुन्यात विचारतात. भीतीपोटी पोरगा 'नाही' लिहितो अन् तिथेच फसतो. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले की माहिती खरीच द्यावी. लपवली तर नेमणूक रद्द होऊ शकते. तरुणपणीचा किरकोळ प्रकार असेल तर कार्यालय तो सोडून देऊ शकते. मात्र खरे लिहिले म्हणून नोकरी मिळेलच, असेही नाही. गुन्ह्याचे स्वरूप पाहिले जाते.

कायद्यात थोडी सोय आहे. घटनेवेळी वय १८ च्या आत असेल तर बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार, अतिगंभीर गुन्ह्यातील काही अपवाद वगळता, दोषी ठरल्याने पुढे अपात्रता येत नाही. २१ वर्षांखालील आरोपीला शक्यतो तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची तरतूद १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात आहे. पण त्याने दोष पुसला जात नाही. विचारले तर सांगावाच लागतो. म्हणून 'कबूल करून दंड भरून टाकू' असे ठरवण्याआधी वकिलाला विचारा. ऐपत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जा.

त्याहून बरे म्हणजे वाद आधीच मिटवावा. धुऱ्याचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती अशाच भांडणांसाठी. सरपंच व पोलीस पाटलांनी पेरणीआधीच दोन्ही घरे समोरासमोर बसवावीत. भांडणात नसलेल्या पोराचे नाव रागापोटी रिपोर्टात घालू नये, हेही बजावावे.

बंधूंनो, गेलेली दोन तासं मोजणीत परत मिळतील. पोराचे भरतीचे वय निघून गेले तर परत येणार नाही.