जनावराच्या अंगावरील भोवरा व प्रतलीय पेशी-ध्रुवता

नांदेड जिल्ह्यातील लाल कंधारी अथवा लातूर जिल्ह्यातील देवणी बैल विकत घेताना जाणता शेतकरी दात, खूर व वशिंड पाहतो, तसेच त्याच्या अंगावरील भोवरे व गोमही पाहतो. केसांचा भोवरा कोठे पडला आहे आणि गोम कोणत्या दिशेस वळली आहे, यावरून जनावर शुभ की अशुभ ठरते, व कित्येकदा एवढ्याच कारणाने सुदृढ बैलाची किंमत उतरते. माळेगावच्या यात्रेत घोड्यांचीही अशीच परीक्षा होते. शुभाशुभाचा निर्णय शास्त्राच्या कक्षेत येत नाही. परंतु त्यामागील निरीक्षण सूक्ष्म आहे. अंगावरील असंख्य केस एकाच दिशेस कसे कलतात आणि एखाद्या ठिकाणी ही शिस्त का मोडते, हा प्रश्न विकासजीवविज्ञानातील एका महत्त्वाच्या प्रकरणाकडे आपणांस घेऊन जातो.

त्वचेसारख्या अभिस्तरातील पेशीला वरची व खालची अशा दोन भिन्न बाजू असतात. ही ध्रुवता सर्वपरिचित आहे. परंतु पेशीस याखेरीज आणखी एक दिशा कळावी लागते, ती म्हणजे डोके कोणीकडे व शेपूट कोणीकडे. स्तराच्या पातळीतच असणाऱ्या या दिशाभानास प्रतलीय पेशी-ध्रुवता असे म्हणतात.

तिचा उलगडा प्रथम फळमाशीच्या पंखावर झाला. तेथे प्रत्येक पेशीवर सामान्यतः एकच सूक्ष्म रोम असून त्याचे टोक पंखाच्या अग्राकडे वळलेले असते. ही दिशा बिघडविणाऱ्या उत्परिवर्तनांचा पद्धतशीर अभ्यास गब व गार्सिया-बेयिदो यांनी १९८२ साली प्रसिद्ध केला. १९८९ साली फ्रिझल्ड या जनुकाची रचना कळली आणि त्यापासून पेशीपटलात बसणारे प्रथिन तयार होते असे दिसून आले. पुढे व्हँग, फ्लेमिंगो, प्रिकल, डिशेव्हल्ड व डिएगो ही प्रथिनेही याच कार्यातील असल्याचे सिद्ध झाले.

पृष्ठवंशी प्राण्यांत हीच प्रथिने अनेक रूपांनी आढळतात. फ्लेमिंगोच्या सजातीय प्रथिनांस तेथे सेल्सर म्हणतात. त्यांची तीन, डिशेव्हल्डची तीन व व्हँगची दोन रूपे आहेत. त्यांचे कार्य पुढीलप्रमाणे चालते. शेजारच्या दोन पेशींतील सेल्सर प्रथिने एकमेकांस धरून सीमेवर जणू पूल बांधतात. या पुलाच्या एका टोकाशी फ्रिझल्ड व दुसऱ्या टोकाशी व्हँग असते. पेशीच्या आत मात्र हे दोन गट एकमेकांस दूर लोटतात. त्यामुळे आरंभी असलेला अल्पसा असमतोल वाढत जाऊन फ्रिझल्ड पेशीच्या एका कडेस व व्हँग विरुद्ध कडेस एकवटते. एका पेशीची मागची कड दुसरीच्या पुढच्या कडेस भिडलेली असल्याने दिशेचा निरोप पेशीमागून पेशीस पोहोचतो. प्रारंभीचा असमतोल निर्माण करण्यात व्हिंट कुळातील स्रवणाऱ्या प्रथिनांचाही भाग असतो. उंदराच्या वाढत्या अवयवांत व्हिंट-५ए च्या प्रमाणानुसार व्हँगवर फॉस्फेटचे गट कमीअधिक जोडले जातात, असे २०११ साली दाखविण्यात आले.

उंदराच्या पाठीवरील रोमपुटके वाढताना त्वचेत तिरपी शिरतात. मूळ डोक्याकडे व केसाचे टोक शेपटीकडे राहते. येथे एक अडचण उभी राहते. त्वचेच्या तळाशी असलेल्या पेशी सतत विभागत असतात. मग दिशा टिकते कशी? डेव्हनपोर्ट, फुक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली याचे उत्तर दिले. विभाजनाच्या वेळी पेशी आपल्या सीमेवरील सेल्सर, फ्रिझल्ड व व्हँग ही प्रथिने आत ओढून घेते आणि विभाजनानंतर ती पुन्हा सीमेवर जातात. त्या वेळी कन्यापेशींस दिशा कळते ती विभाजन न पावलेल्या शेजाऱ्यांकडून.

फ्रिझल्डचे सहावे रूप नष्ट केलेल्या उंदरांच्या पायांवर भोवरे व डोक्यावर केसांचे विस्कळीत पट्टे दिसतात, हे नेथन्स व सहकाऱ्यांनी २००४ साली दाखविले. या उंदरांत आरंभी पुटकांच्या दिशा अस्ताव्यस्त असतात. पुढे शेजारी शेजाऱ्याशी जुळवून घेतो व ठिकठिकाणी स्थानिक शिस्त निर्माण होते. अशा दोन क्षेत्रांच्या दिशा जेथे जुळत नाहीत तेथे भोवरा अथवा गोम पडणे अपरिहार्य ठरते. मात्र प्रत्येक भोवरा म्हणजे दोष नव्हे. निरोगी बैलाच्या कपाळावर आणि माणसाच्या टाळूवरही तो असतो. कारण वक्र पृष्ठावर केस पसरताना दिशांचा मेळ कोठेतरी तुटणे साहजिकच आहे. उंदरावरील निष्कर्ष गुरांस जसाच्या तसा लावणेही युक्त नव्हे.

हीच प्रथिने याहून गंभीर कामही करतात. अंतर्कर्णातील संवेदनशील पेशींवरील रोमगुच्छांची दिशा त्यांवर अवलंबून असते. भ्रूणाच्या मध्यरेषेकडे पेशी सरकून तंत्रिका-पट्ट अरुंद व लांब होण्यासही ती आवश्यक असतात. उंदरातील ‘लूपटेल’ या उत्परिवर्तनाचे मूळ व्हँगच्या दुसऱ्या रूपात असल्याचे २००१ साली कळले. अशा दोन्ही प्रती सदोष असलेल्या भ्रूणाचा पट्ट रुंद राहतो व तंत्रिका-नलिका मेंदूपासून कण्यापर्यंत उघडीच राहते. मनुष्यातील काही तंत्रिका-नलिका-दोषांत व्हँगच्या पहिल्या रूपातील बदल २००७ साली आढळले. मनुष्याची ही नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ व्या दिवशी मिटते. कित्येक स्त्रियांस तोवर गर्भ राहिल्याचे कळलेलेही नसते. म्हणूनच फॉलिक अम्ल गर्भधारणेपूर्वीपासून घ्यावयास सांगतात. त्यामुळे अशा दोषांपैकी बरेच टळतात, सर्वच टळत नाहीत.

त्वचा व तंत्रिका-नलिका यांचा उगम एकाच बाह्यजनस्तरात आहे, हे लक्षात घेता आणखी एक निरीक्षण उल्लेखनीय ठरते. कपाळावरील भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली गुरे बांधून धरली असता अधिक बिथरतात, असे टेंपल ग्रँडिन व सहकाऱ्यांस अमेरिकेत १९९५ साली आढळले. हा केवळ सहसंबंध होय. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि मालकाच्या भाग्याशी तर त्याचा काहीच संबंध लागत नाही. तेव्हा भोवऱ्यापायी चांगल्या बैलाची किंमत पाडणे यास आधार नाही. भोवरा सांगतो तो त्या जनावराच्या भ्रूणावस्थेतील इतिहास. पुढे काय घडेल हे तो सांगत नाही.