चाकू लागला की पसरतो?

"गाठीला चाकू लावला की ती चवताळते." नसरापूर-किकवीपासून विंझर-पानशेतपर्यंत, भोर-वेल्ह्याच्या कुठल्याही गावात कॅन्सरचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी बोलतंच. पाठोपाठ दाखलाही येतो: अमक्याच्या मामांना पुण्याला नेलं, सुई घालून तुकडा काढला, आणि चार महिन्यांत मामा गेले. दाखला खोटा नसतो. मामा खरंच गेलेले असतात. पण बहुतेक वेळा सुई पडण्याआधीच आजार दूरवर पोचलेला असतो. तपासणीने तो उघडकीला येतो इतकंच. तंबाखूने तोंड आलंय म्हणून आधी हळद-तूप, मग गावातला डॉक्टर, मग लावणी उरकू दे, मग सण होऊ दे, असे महिने गेलेले असतात. त्या महिन्यांचा हिशेब कुणी धरत नाही, सुईचा मात्र धरतात.

कॅन्सरची पेशी एका अवयवातून दुसऱ्यात जाते कशी, हे घडताना बघणं फार कठीण होतं. प्रयोगातल्या उंदराच्या शरीरात काय झालं ते बहुधा शेवटी, उंदीर मारल्यावर कळायचं. ही अडचण काही प्रमाणात सोडवणारं साधन गेल्या पंधराएक वर्षांत हाताशी आलं आहे, त्याचं नाव ऑर्गन-ऑन-चिप. वरच्या जुन्या गैरसमजाला त्यातून उत्तर मिळतं, पण त्या साधनाभोवतीही नवे गैरसमज जमू लागलेत. आधी त्यातला एक उरकू.

"चिप म्हणजे अंगात बसवायचं यंत्र"

नाही. ती रुग्णाच्या अंगात बसवत नाहीत, आणि तिच्यात संगणकासारखी सर्किटंही नसतात. अंगठ्याएवढा, पारदर्शक, लवचीक सिलिकॉनचा तुकडा, आणि त्यात मिलिमीटरहून अरुंद नळ्या. 2010 साली हार्वर्डमध्ये डॅन ह्यू आणि डोनाल्ड इंगबर यांनी फुफ्फुसाची चिप दाखवली. मधोमध सच्छिद्र पडदा, वर फुफ्फुसाच्या पेशी आणि हवा, खाली रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी आणि वाहता द्रव. बाजूच्या पोकळ्यांतली हवा खेचली-सोडली की पडदा श्वासाच्या लयीत ताणला जातो.

कॅन्सरच्या चिपमध्ये एका नळीत रक्तवाहिनीचं अस्तर वाढवतात आणि शेजारी कोलॅजनचा जेल भरतात. मग चमकता रंग दिलेल्या कॅन्सरपेशी सोडून सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघत बसायचं. पेशी अस्तराला चिकटते. दोन पेशींच्या सांध्यातून आधी एक बारीक फुटवा पलीकडे जातो. खरी ओढाताण पुढे असते, कारण पेशीचं केंद्रक हा तिचा सगळ्यात ताठर भाग. तो चेंगरत, लांबट होत त्या फटीतून निघतो. कित्येक पेशींना हे जमतच नाही.

पेशी शरीराबाहेर वाढवण्याची विद्या आपल्याला परकी नाही. 1917 साली पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे, म्हणजे ज्यांच्या प्रयोगशाळेत 'हेला' नावाच्या प्रसिद्ध कॅन्सरपेशी वाढल्या त्यांच्याकडे, काम केलं आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. आज पुणे विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवतं.

"एकदा रक्तात गेला की संपलंच"

1970 मध्ये आयझाया फिडलर यांनी उंदरांच्या रक्तात किरणोत्सारी खूण केलेल्या कॅन्सरपेशी सोडल्या. चोवीस तासांनी त्यातल्या एक दशांश टक्कासुद्धा जिवंत नव्हत्या, आणि नवी गाठ धरणाऱ्या त्याहूनही कितीतरी कमी. रक्ताचा जोर, प्रतिकारपेशी, जागेची नावड, सगळं त्यांच्या विरोधात जातं.

नावड हा शब्द मुद्दाम वापरला. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्येच म्हटलं होतं की बी सगळीकडे पडतं, पण रुजतं मानवेल त्याच मातीत. खाचरातला भात माळावर का येत नाही हे वेल्ह्यात कुणाला सांगायला नको. पॅजेटचा तो अंदाज चिपवर तपासता आला. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या रॉजर कॅम यांच्या गटाने 2015 मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींपुढे दोन तऱ्हेच्या जागा ठेवल्या, एक हाडासारखी आणि एक स्नायूसारखी. हाडाकडे पेशी मोठ्या प्रमाणात वाहिनीबाहेर पडल्या, स्नायूकडे फारच थोड्या. स्नायूच्या पेशी अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य सोडून त्यांना अडवत होत्या. स्तनाचा कॅन्सर हाडात वारंवार जातो आणि स्नायूत क्वचित, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. त्यामागचं एक कारण इथे हाती लागलं.

म्हणजे पसरणं हा अनेक पायऱ्यांचा, बहुतेक पेशींना न झेपणारा प्रवास आहे. सुईच्या एका टोकाने तो पार पडत नाही. काही थोड्या प्रकारांत, यकृताच्या गाठीत वगैरे, सुईच्या वाटेवर पेशी राहण्याचा धोका असतो, आणि तो डॉक्टर आधीच धरून चालतात. हाडाच्या कॅन्सरमध्ये सुईची वाट अशी ठरवतात की पुढे ऑपरेशनमध्ये तीही काढून टाकता येईल.

"मग चाकूची भीती निव्वळ अडाणीपणा?"

असंही मी म्हणणार नाही. ऑपरेशनच्या वेळी गाठीला धक्का बसून पेशी सुटत असतील का, हा प्रश्न टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी गंभीरपणे घेतला. देशातल्या 11 केंद्रांत, स्तनाचा कॅन्सर झालेल्या दीड हजारांवर बायकांमध्ये, त्यांनी एक साधी गोष्ट करून बघितली: निम्म्या जणींना ऑपरेशनच्या थोडं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं, दात काढताना देतात तेच भुलीचं औषध. सहा वर्षांनी ते मिळालेल्यांपैकी 90.1 टक्के जिवंत होत्या, न मिळालेल्यांपैकी 86.4 टक्के. 2023 मध्ये हे प्रसिद्ध झालं. गावातल्या शंकेत तथ्याचा कण असेलही, पण त्यातून निघालेला उपाय नीट ऑपरेशनचाच आहे. लिग्नोकेन न मिळालेल्या 86 टक्क्यांवरही चाकू चाललाच होता, हे विसरू नये.

तोंडाच्या कॅन्सरबाबत तर आकडे आणखी बोलके आहेत. मिश्री-तंबाखूमुळे आपल्या भागाला हाच आजार जास्त जवळचा. टाटाच्याच डॉ. अनिल डिक्रूझ यांनी 2015 मध्ये दाखवलं की मानेत गाठ हाताला लागत नसतानाही, पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या लसिकाग्रंथी काढल्या तर तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण जगतात. गाठ दिसेपर्यंत थांबलं तर 67.5 टक्के. इथे जास्त कापल्याने जीव वाचले.

"घरातल्या माणसालाही होईल"

होत नाही. ताट, कपडे, अंथरूण वेगळं करायचं कारण नाही. काही विषाणू, जसं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा एचपीव्ही, एकाकडून दुसऱ्याकडे जातात. कॅन्सरच्या पेशी तशा जात नाहीत.

"चिप आली, आता प्राणी नकोत आणि डॉक्टरही"

कायदा थोडा सरकला आहे. औषधाच्या मंजुरीआधी प्राण्यांवरच चाचणी हवी ही सक्ती अमेरिकेने डिसेंबर 2022 मध्ये काढली. भारतानेही मार्च 2023 मध्ये नव्या औषधांच्या नियमांत चिपसारख्या पद्धतींना जागा दिली. सक्ती गेली म्हणजे प्राणी गेले असं मात्र नाही. चिपमध्ये संपूर्ण प्रतिकारशक्ती नसते, ती वर्षानुवर्षं जगत नाही, आणि ज्या सिलिकॉनची ती बनते तेच काही औषधं शोषून घेतं, त्यामुळे मात्रेचा हिशेब चुकतो.

"आमच्या पेशंटच्या पेशी चिपवर टाकून कुठलं औषध लागू पडेल ते बघा," असंही आता लोक विचारतात. तसे प्रयोग चालू आहेत, नेहमीच्या उपचारांत ते अजून आलेले नाहीत. त्यामुळे त्यासाठी कुणी मोठी रक्कम मागत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यापेक्षा काढलेल्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक, काचेच्या स्लाइड आणि रिपोर्ट लॅबमधून मागून घ्या आणि जपून ठेवा. ससूनला जा नाहीतर टाटाला, पहिल्याच दिवशी तेच मागतात, आणि ते नसलं की पुन्हा भोरपर्यंत हेलपाटा पडतो.