सहकारात सरकार किती?

एखाद्या पतसंस्थेचे शटर सकाळी उघडत नाही. शटरवर कागद चिकटवलेला असतो : ‘तांत्रिक कारणास्तव व्यवहार बंद.’ दुपारपर्यंत ठेवीदार जमतात आणि मोर्चा निघतो तो थेट जिल्हाधिकारी कचेरीवर. मागणी ठरलेली असते : सरकारने नोंदणी दिली, आता सरकारनेच आमचे पैसे द्यावेत. महाराष्ट्राला हे दृश्य नवे नाही. माणसांचा संताप रास्त आहे, पण ज्या समजुतीवर तो उभा आहे ती चुकीची आहे. राज्यात दोन लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त गृहनिर्माण संस्था आहेत. घरात एक तरी माणूस कुठल्या ना कुठल्या संस्थेचा सभासद असतोच. तरीही सरकार या संस्थांना काय देते आणि काय देत नाही, याबद्दल सगळा कारभार ऐकीव माहितीवर चालतो.

‘नोंदणी सरकारी, म्हणजे हमीही सरकारी’

संस्थेचे मालक सभासद. निबंधक संस्थेची नोंदणी करतो, उपविधी मंजूर करतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ खाली तो चौकशी लावू शकतो. नुकसान कोणामुळे झाले याची जबाबदारी कलम ८८ खाली निश्चित होते. अगदीच हाताबाहेर गेले तर अवसायक नेमला जातो. पण अवसायक ठेवीदारांना जे देतो ते संस्थेची मालमत्ता विकून आणि कर्जदारांकडून वसूल करून. वसुली झाली नाही तर वाटायला काही नसते.

सहकारी बँक आणि पतसंस्था यांतला फरक इथे फार महागात पडतो. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या सहकारी बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाख रुपयांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. पतसंस्थेची पाटी मोठी, काउंटर काचेचे, पासबुक छापील. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला ती बँकच वाटते. काही संस्था तर नावातच ‘बँक’ शब्द लावत होत्या. शेवटी नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सूचना काढून सांगावे लागले की सहकारी पतसंस्थांना हा शब्द वापरता येणार नाही आणि त्यांच्या ठेवींना विमाही नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याज मिळते ते कशाच्या बदल्यात, हे ठेव ठेवताना कोणी सांगत नाही.

माहिती अधिकाराबद्दलचा गोंधळही ‘नोंदणी सरकारी’ या समजुतीतूनच सुरू होतो. सोसायटीच्या सचिवाला माहिती अधिकाराचा अर्ज देऊन तीस दिवस मोजणारे सभासद पुष्कळ आहेत. केरळमधल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये स्पष्ट केले की, सरकारची देखरेख आहे एवढ्यानेच सहकारी संस्था ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाही. त्यासाठी सरकारचा पैसा तिच्यात भरीव प्रमाणात असावा लागतो. निबंधकाकडे असलेली माहिती मात्र निबंधकाकडे अर्ज करून मागता येते. आणि सभासदाला मुळात माहिती अधिकाराची गरज तरी किती? सहकार कायद्याचे कलम ३२ सभासदाला संस्थेची ठरावीक कागदपत्रे पाहण्याचा आणि त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क देतेच. तो कमी वापरला जातो, कारण तो ठाऊकच नसतो.

‘सहकार म्हणजे सरकारी पैशाची उधळपट्टी’

शहरी दिवाणखान्यांतली ही आवडती समजूत. ती अगदी निराधार नाही, म्हणूनच नीट सोडवून पाहायला हवी.

राज्याच्या सहकार कायद्याचे पाचवे प्रकरण सगळेच्या सगळे सरकारी साहाय्याबद्दल आहे. त्यात मदतीचे बरेच प्रकार आहेत : सरकारने संस्थेचे भाग विकत घेणे, कर्ज देणे, संस्थेने काढलेल्या कर्जाला हमी देणे आणि अनुदान देणे. सामान्य माणसाच्या मनात या सगळ्यांचा एकच अर्थ असतो, ‘सरकारने पैसे दिले’. पण भाग हे भांडवल असते आणि ते टप्प्याटप्प्याने परत करायचे असते. सरकारची जबाबदारीही त्या भागांपुरती मर्यादित असते. कर्ज फेडायचे असते. हमीत तर सुरुवातीला एक रुपयाही जात नाही. संस्थेने हप्ता थकवला की मगच तिजोरीला चटका बसतो. खरोखर फुकट असते ते फक्त अनुदान.

१९४८ साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा साखर कारखाना उभा करायला घेतला, तेव्हा शेतकऱ्यांकडे ऊस होता, पण यंत्रसामग्रीपुरते भांडवल नव्हते. मुंबई सरकारने भाग घेतले म्हणून कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. त्या वेळी अर्थ आणि सहकार ही खाती वैकुंठभाई मेहतांकडे होती, आणि त्यांची उमेदीची वर्षे सहकारी बँकेच्या कामात गेली होती. पुढे गोरवाला समितीने १९५४ च्या अहवालात सरकारने सहकारात भागीदार व्हावे अशी शिफारस केली आणि प्रवरेची वाट देशभराचे धोरण झाली. सावकारासमोर टिकायचे तर शेतकऱ्याच्या वर्गणीवर भागणार नाही, असे त्यामागचे गणित होते. ते चुकीचे नव्हते.

चूक झाली ती नंतर. भागांच्या पाठोपाठ सरकारी प्रतिनिधी संचालक मंडळावर आले, हमीच्या पाठोपाठ राजकारण आले. हमी ही ठरावीक कर्जासाठी, ठरावीक मुदतीची सोय न राहता दर हंगामाची अपेक्षा बनली. हा दोष मदतीचा की मदत मागणाऱ्यांचा? माझ्या मते दोघांचा. पण जो कारखाना भाग परत करून, कर्ज फेडून नीट चालला आहे, त्यालाही या हिशेबात धरणे अन्यायाचे आहे. २००५ च्या अहवालात वैद्यनाथन समितीने ग्रामीण पतसंस्थांसाठी मदतीचा मोठा कार्यक्रम सुचवला, तेव्हा त्याला अटीही जोडल्या : वेळेवर निवडणुका, नीट लेखापरीक्षण, सरकारचा हस्तक्षेप कमी. आधी घर आवरा, मग पैसे घ्या, असा त्याचा रोख होता.

शेतकऱ्याच्या पीक कर्जाबाबतही असाच गैरसमज होतो. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडले तर व्याज शून्य पडते. त्यात केंद्राची सवलत आहे आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. गावात याचा अर्थ ‘सोसायटीला सरकारने पैसे दिले’ असा लावला जातो. हा लाभ शेतकऱ्याचा आहे, सोसायटीचा नव्हे. राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज काढले तरी तो मिळतो. आणि मुदत चुकली की तो जातो. ‘कर्जमाफी येणारच आहे’ म्हणून थांबलेल्यांच्या हातून सवलत निसटते, आणि माफी येईलच असेही नसते.

‘सहकाराला कर नाही’ ही समजूत तर फार थोड्यात संपते. सहकारी संस्थांना काही उत्पन्नावर वजावट होती व आहे, पण सहकारी बँका तिच्यातून २००६ च्या वित्त अधिनियमाने वगळल्या गेल्या. प्राथमिक कृषी पतसंस्था मात्र राहिल्या. बाकीचे सनदी लेखापालाला विचारावे.

‘मदत घेतली नाही, मग सरकारचा काय संबंध?’

हे उलट टोक. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत एक तरी सभासद असे विचारतोच. राज्यघटनेत २०११ च्या ९७व्या दुरुस्तीने कलम ४३ब आले. त्यात ऐच्छिक स्थापना, स्वायत्त कारभार, लोकशाही नियंत्रण आणि व्यावसायिक व्यवस्थापन या चारही गोष्टींना राज्याने प्रोत्साहन द्यावे असे म्हटले आहे. त्याच दुरुस्तीतला भाग ९ब राज्यांतर्गत संस्थांपुरता सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये रद्द केला, कारण विषय राज्यांचा असून निम्म्या राज्यांची संमती घेतली नव्हती. त्यावरून ‘आता नियमच उरले नाहीत’ असा निष्कर्ष काहींनी काढला. पण महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपल्या कायद्यात केलेले बदल राज्याचे आहेत आणि ते राज्य विधिमंडळाच्या अधिकारात आहेत. आर्थिक वर्ष संपल्यावर चार महिन्यांत लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा आणि दर पाच वर्षांनी निवडणूक, हे अनुदान घेतले तरी आहे आणि न घेतले तरी आहे. उलट २०१३ नंतर लेखापरीक्षक निवडायचा अधिकार सर्वसाधारण सभेकडे आला. सरकारच्या नामिकेवरचा कोणताही माणूस सभा नेमू शकते. हा हक्क बहुतेक सभा ‘अध्यक्षांना अधिकार देण्यात येतात’ या एका ओळीत सोडून देतात.

‘प्रशिक्षण सरकारकडून फुकट असते, आणि ते नोकरांसाठी असते’

इथे दोन गैरसमज एकमेकांत अडकले आहेत.

सोसायटीचे महिन्याचे बिल हातात घ्या. सेवा शुल्क, पाणी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड आणि तळाला कुठेतरी ‘शिक्षण व प्रशिक्षण निधी : १० रु.’ अशी ओळ बहुतेक बिलांत सापडेल. चाळीस सदनिकांच्या इमारतीत वर्षाला चार हजार आठशे रुपये होतात. म्हणजे प्रशिक्षणाचे पैसे आपण देतो. सरकारने कायदा करून चौकट दिली आहे. सहकार कायद्याचे कलम २४अ सांगते की प्रत्येक संस्थेने सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी या तिघांसाठी सहकार शिक्षण आणि प्रशिक्षणाची व्यवस्था करावी, ती अधिसूचित संघीय संस्था किंवा शिखर प्रशिक्षण संस्थांमार्फत व्हावी, आणि त्यासाठी दरवर्षी वर्गणी द्यावी. समितीवर निवडून आलेल्या प्रत्येकाने प्रशिक्षण घ्यायचे आहे, असेही तेच कलम म्हणते. ‘मी बँकेतून निवृत्त झालोय, मला काय शिकवणार?’ असे म्हणणारे खजिनदार कायद्याने सुटत नाहीत.

सहकाराची जगभर मान्य झालेली सात तत्त्वे १९९५ मध्ये मँचेस्टरला ठरली. त्यांतले चौथे स्वायत्ततेचे आणि पाचवे शिक्षणाचे. सभासदांना जमाखर्च कळत नसेल तर संस्था निबंधकाच्या, चेअरमनच्या किंवा सचिवाच्या हातात जाते, त्यामुळे ही दोन तत्त्वे शेजारी आहेत हे योग्यच. महाराष्ट्रात हे फार आधी ओळखले गेले होते. १९१८ मध्ये मुंबईत सहकार प्रसारासाठी संस्था निघाली. तिचाच आजचा वारसा म्हणजे पुण्याचा महाराष्ट्र राज्य सहकारी संघ. पुण्यातच १९६७ पासून वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. सहकार आयुक्तालयाकडून घेतली जाणारी जी.डी.सी. अँड ए. ही पदविका परीक्षा आजही हजारो पदवीधर देतात. लेखापरीक्षक होण्याच्या वाटेवरची ती महत्त्वाची पायरी आहे. गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापकांसाठीही वेगळी प्रमाणपत्र परीक्षा असते.

यंत्रणा आहे, कायदा आहे, पैसेही जमतात. मग तक्रार काय? ती शिबिरांबद्दल आहे. काही ठिकाणी शिबिर म्हणजे फाईल, पेन, दीपप्रज्वलन, दोन भाषणे, जेवण आणि प्रमाणपत्र. संचालकाला सहकाराचा इंग्लंडमधल्या रॉशडेलच्या सहकारी भांडारापासूनचा इतिहास ऐकवला जातो, पण स्वतःच्या संस्थेचा ताळेबंद कोणी पुढ्यात ठेवत नाही.

पतसंस्थेचा वार्षिक अहवाल घ्या. मुखपृष्ठावर ‘ऑडिट वर्ग : अ’ ठळक छापलेले, आत लाभांशाची टक्केवारी. सभासद तेवढेच पाहतो आणि पुष्कळदा संचालकही. पाहायला हवे ते आतल्या पानावर असते : येणे व्याज किती, त्यातले थकीत किती आणि त्यासाठी तरतूद केली आहे का, संशयित व बुडीत कर्ज निधी पुरेसा आहे का. न मिळालेले व्याज उत्पन्नात धरले की नफा कागदावर फुगतो आणि लाभांश ठेवीदारांच्याच पैशांतून वाटला जातो. शटर बंद होण्याच्या पुष्कळ आधी हे या आकड्यांत दिसते. ते ओळखायला दोन तासांत शिकवता येते, मात्र शिकवणाऱ्याने त्या संस्थेचे कागद आधी वाचलेले असले पाहिजेत.

गावच्या विकास सोसायट्यांत, म्हणजे प्राथमिक कृषी पतसंस्थांत, हा प्रश्न आणखी नव्याने उभा आहे. केंद्राने २०२२ मध्ये देशभरातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातला केंद्राचा वाटा १,५२८ कोटींचा. महाराष्ट्रात अशा सोसायट्या वीस हजारांवर आहेत. तीन-तीन गावांची कीर्द-खतावणी हाताने लिहिणाऱ्या गटसचिवाला आता हे सगळे संगणकावर टाकायचे आहे. ‘संगणक आला की गैरव्यवहार थांबेल’ हा अगदी ताजा गैरसमज. संगणकावर नोंद दिसते. ती खरी आहे की जुनेच कर्ज नव्या तारखेने फिरवले आहे, हे ओळखणारा माणूस लागतो. २०२३ च्या आदर्श उपविधींनी या सोसायट्यांना गोदामापासून पेट्रोल पंपापर्यंत पंचवीसहून अधिक व्यवसाय खुले केले आहेत. पीक कर्ज वाटण्यापलीकडे काही न केलेल्या समितीने पेट्रोल पंप घ्यायचा, तर तिला साठ्याचा हिशेब आणि खेळते भांडवल कळले पाहिजे.

२०२५ मध्ये संसदेने कायदा करून आणंदच्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेचे त्रिभुवन सहकारी विद्यापीठात रूपांतर केले. खेडा जिल्हा दूध संघाचे संस्थापक अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल यांचे नाव त्याला दिले. चांगले झाले. पण त्यावरून प्रशिक्षणाचा प्रश्न सुटला असे लगेच लिहिले गेले. विद्यापीठातून व्यवस्थापक तयार होतील, संशोधन होईल. सोसायटीवर पाच वर्षांसाठी निवडून आलेला शेतकरी मात्र पदवी घ्यायला आणंदला जाणार नाही. त्याला तालुक्याच्या गावी दोन दिवस हवेत, पेरणी आणि काढणीचे दिवस सोडून, आणि समोर त्याच्याच सोसायटीची थकबाकीची यादी हवी.