हार्ट अटॅक येऊन गेलाय? हाडांचे इंजेक्शन घेण्याआधी सांगा

2019 साली बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीच्या अहवालातला हा आकडा आहे. त्या वेळी चर्चा झाली ती ऑपरेशनची. त्यानंतर पुढे काय होते, ते आज पाहू.

पिशवीसोबत अंडाशय काढले की पाळी जाण्याचे वय एकदम ओढवते. नुसती पिशवी काढली तरी ते लवकर येऊ शकते. त्यामुळे हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. म्हणजे एकाच बाईला पुढे दोन्ही दुखणी होऊ शकतात. त्यात एकाचे औषध दुसऱ्याला बाधू नये, म्हणून हा लेख.

हाड ठिसूळ झाल्यावर देतात त्यातले एक इंजेक्शन आहे रोमोसोझुमॅब. महिन्यातून एकदा, असे वर्षभर. आपल्या शरीरात स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन हाड बनण्याला ब्रेक लावते. हे औषध तो ब्रेक सोडते, म्हणून हाड भराभर भरते. पण हेच प्रथिन रक्तवाहिन्यांतही असते. तिथला ब्रेक सुटल्याने हृदयाला त्रास होतो का, हे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही.

2017 मध्ये 4,093 बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षात हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा गंभीर त्रास या इंजेक्शनवाल्या हजारातल्या 25 जणींना झाला, अॅलेंड्रोनेट गोळीवाल्या हजारातल्या 19 जणींना. दुसऱ्या मोठ्या अभ्यासात असा फरक दिसला नाही. तरीही अमेरिकेच्या औषध खात्याने 2019 मध्ये परवानगी देताना ठळक इशारा छापायला लावला: गेल्या वर्षभरात हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेला असेल तर हे सुरू करू नये. औषध चालू असताना अटॅक आला तर ते बंद करावे.

याचा अर्थ हाडांचा इलाज सोडावा असा नाही. खुबा मोडून अंथरुणाला खिळणे हेही जिवावर बेतते. अॅलेंड्रोनेटसारखी दुसरी औषधे आहेत. ती गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही.

मग काय करायचे?

हृदयाच्या दवाखान्यातले डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. कारखान्यावर जाताना ते सोबत न्या. हाडांच्या डॉक्टरांना ते आधी दाखवा. इंजेक्शनचे नाव विचारा आणि कागदावर लिहून घ्या. अटॅकनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. छातीत कळ, घाम, दम किंवा तोंड वाकडे झाले तर 108 ला फोन करा.

डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, ताई. तो आपला हक्क आहे.